गाडी जाईपर्यंत

शिंप्याचं घर जुन्या स्टेशनाला खेटून होतं. गाडी आली की कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या, सगळी आळी बोलता बोलता थांबायची, आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायची. कुणी विसरलंच, तर समोरचा तो शब्द पुरवायचा. उद्यापासून गाड्या नव्या स्टेशनावरून सुटणार होत्या. अंथरुणाला खिळलेली बायको म्हणाली, “आता सलग बोलता येईल हो.” “म्हणजे भांडणाला मधली सुट्टी नाही,” शिंपी म्हणाला. “थट्टा नको. लग्नाच्या वर्षी मी कायमची माहेरी निघाले होते. गाडीत बसले, तरी उतरले. कारण...” कपबश्या किणकिणल्या. शेवटची गाडी आली. बायको बोलायची थांबली. शिंप्याने तिचा हात हातात धरला. गाडी गेली, कपबश्या थांबल्या. तो वाट पाहत राहिला. तिचा हात सैल पडला होता. त्याने शब्द पुरवला, “कारण...” मग पुन्हा पुरवला.