सकाळच्या पाळीची बाई

फोन वाजला तेव्हा थोरलीच्या हातात खालची कवळी होती. मेणात दात बसवून झाले होते, एक सुळा तेवढा वाकडा दिसत होता. मालक तयार कवळ्या दवाखान्यांत पोहोचवायला गेले होते, म्हणून तिनेच हात पुसून फोन उचलला. पलीकडचा माणूस परदेशच्या व्हिसा कचेरीतून बोलत होता. तुमच्याकडच्या एका बाईंच्या कामाबद्दल विचारायचं आहे, म्हणाला, आणि त्याने धाकटीचं पूर्ण नाव घेतलं.



धाकटी म्हणजे तिची जाऊ. कवळ्या बनवायच्या या एवढ्याशा कारखान्यात जागा एकच होती आणि ती दोघींनी आठ वर्षं वाटून घेतली होती. नऊ ते एक थोरली, एक ते पाच धाकटी. कधी वरची ओळ हिने लावायची, खालची तिने. पण कवळीत दोन बायकांचे हात आहेत, असं एकाही डॉक्टरला कधी कळलं नाही. घरीही तेच. थोरलीचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. धाकटीची लेक हिच्याच अंगाखांद्यावर वाढली. आईला ती आई म्हणायची आणि हिला मोठी आई.

दोन महिन्यांपूर्वी धाकटीने परदेशी जायचं काढलं. कसबी माणसांना तिथे कायमचं राहू देतात, फक्त पूर्ण दिवसाच्या कामाची तीन वर्षं दाखवावी लागतात. कुटुंबाला सोबत नेता येतं, पण जावेला ते लोक कुटुंबात धरत नाहीत. एवढं थोरलीच्या कानावर आलं आणि पुढचं तिचं तिनेच ताडलं. अर्ध्या दिवसाच्या नोकरीला कोण विचारतो? धाकटी आता हिचा अर्धा दिवस स्वतःच्या नावावर चढवणार आणि नवऱ्याला, लेकीला घेऊन उडून जाणार. धाकटी कागदांचा गठ्ठा घेऊन समोर आली, तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही.

"ताई, आधी ऐकून तरी घ्या," धाकटी म्हणाली.

"मला काही सांगू नकोस. सही कुठे करायची तेवढं दाखव."

अकरा सह्या केल्या तिने, एक ओळ न वाचता. नंतर धाकटीने दातांच्या कण्या केल्या, पण थोरलीने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. पोरगी काही सांगायला आली तरी ही उठून जायची. मालकांना वाटलं, घरातली गोष्ट आहे, घरात बोलत असतील. रोज एकच्या ठोक्याला एक उठायची, दुसरी बसायची, आणि काय उरलंय ते एका चिठोऱ्यावर लिहिलेलं असायचं. दिवसभर लोकांच्या तोंडांची सोय बघायची आणि आपली तोंडं शिवून ठेवायची, असा सगळा कारभार.

"आपण कोण बोलताय?" माणसाने विचारलं.

"मालकीण," थोरली म्हणाली. कामवालीच्या शब्दाला वजन नसतं, हे तिला ठाऊक होतं.

धाकटी दिवसाचे किती तास काम करते, असं त्याने विचारलं. थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. चारच तास, एवढं म्हटलं की संपलं. कुणी कुठे जाणार नाही, पोरगी घरातच राहील. पण मग पोरगी रोज समोर दिसेल, तिचं जायचं आपण मोडलं हे रोज आठवेल.

पूर्ण दिवस, ती म्हणाली. नऊ ते पाच. आठ वर्षं झाली.

मग त्याने पुन्हा विचारलं. नक्की पूर्ण दिवस ना? जागा वाटून घेणारं, सकाळी काम करणारं दुसरं कोणी? कोणीच नाही, थोरली ठासून म्हणाली. एकटी करते ती, हाताला फार गुण आहे तिच्या. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

"मग अडचण आहे," माणूस म्हणाला. याच जागेवर सकाळच्या पाळीला असते असं सांगणारा धाकटीच्या जावेचाही अर्ज त्याच्यापुढे होता. वेगळा, स्वतंत्र, खाली सह्यांसकट. त्याने नाव वाचलं. ते थोरलीचं होतं.

ती स्टुलावर बसली. माणूस सावकाश समजावत होता. मालकांच्या पत्रात दोघींचा अर्धा अर्धा दिवस लिहिला होता. अर्धा दिवस त्यांच्याकडे चालतो, फक्त अर्धा मोजतात. अर्ध्या दिवसाची आठ वर्षं म्हणजे पूर्ण दिवसाची चार. लागतात तीन. दोघीही बसत होत्या. खात्रीसाठी हा एक फोन तेवढा राहिला होता.

"अहो, मीच ती," थोरली म्हणाली. "मी मालकीण नाही. सकाळी मीच असते इथे. मी खोटं बोलले."

माणूस उद्धट नव्हता. उलट त्याचा आवाज मऊच झाला.

"बाई, खोटी माहिती मिळाली की दोन्ही अर्ज बंद होतात. आणि सकाळी तिथे कोणी नसतं, हे मी आत्ताच तुमच्याकडून लिहून घेतलंय."