बुरुजावरचा दिवा

ड्रॅगन कनकगडाच्या उत्तर बुरुजावर उतरला, तेव्हा आनंदाबाईंनी एवढंच विचारलं, की शहरातली लेकरं बाहेर पडली का.

"अजून नाई, काकू," कुंदन म्हणाला. "वेशीत गर्दी झाली आहे."

सिंदी मेघेतल्या आनंदाबाईंच्या घरी दर रविवारी दुपारी चौघं टेबलाभोवती बसत. टेबलावर चौकटी आखलेला नकाशा, वीस बाजूंचे फासे, आणि कुंदनपुढे पुठ्ठ्याचा आडोसा. खेळ चालवणारा तो. संकटं त्याने आणायची, बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, फासा टाकायचा, आणि आकडा म्हणेल ते सोसायचं; मोठा आकडा तारायचा, लहान बुडवायचा. अंकिता म्हणजे तिरंदाज चकोरी, कैलास मांत्रिक, आणि आनंदाबाई ढालवाला शार्दूल.

शार्दूल मुळात अश्वजितचा, त्यांच्या मुलाचा. दीड वर्षापूर्वी केळझरहून परतताना मोटरसायकलच्या अपघातात अश्वजित गेला. पुढे मित्र भेटायला आले, तेव्हा आनंदाबाईंनी त्याची खेळाची वही समोर ठेवली आणि शार्दूल आता मी खेळते म्हणाल्या. बाईंचं आयुष्य अंगणवाडीत शिकवण्यात गेलेलं. नियम त्यांना कधीच धड कळले नाहीत, म्हणून त्यांचा फासा कुंदनच आडोशामागे टाकायचा. पकडलेल्या प्रत्येक दरोडेखोराला त्यांचा शार्दूल आधी जेवला का म्हणून विचारायचा, आणि कैलासला हसू आवरायचं नाही. आपण काकूंसाठी येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

कुंदनचं येणं जरा वेगळं होतं. त्या दिवशी गाडी तो चालवत होता. गाडी अश्वजितची, पण हँडल याच्या हातात. कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरला मागे टाकायची घाई झाली तीही यालाच. आठ दिवसांनी दवाखान्यात शुद्धीवर आला, तोवर पोलिसांच्या कागदावर चालक म्हणून अश्वजितचं नाव चढलं होतं. गाडी ज्याची तोच चालवत असणार असं त्यांनी धरलं असेल, अशी कुंदनने स्वतःची समजूत घातली आणि तो गप्प राहिला. आनंदाबाईंनीही त्या दिवसाबद्दल त्याला कधी काही विचारलं नाही. त्याचं त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच शिसारी यायची.

उद्या तो नोकरीसाठी पुण्याला निघणार होता. जायच्या आधी काकूंना सांगायचंच, असं ठरवून तीन महिने झाले होते. तोंड काही उघडत नव्हतं. शेवटी भित्र्या माणसाला सुचतं तेच त्याला सुचलं. आधी खेळात विचारून पाहावं.

म्हणून हा ड्रॅगन. रात्री बुरुजावर दिवा लावू नये, असा राजाचा हुकूम होता. मागच्या रविवारी कुंदनने चकोरीला अंधारात जुनं पत्र वाचायचा मोह घातला, आणि अंकिता बिचारी सहज फसली; चकोरीने दिवा लावला. तो दिवा पाहूनच ड्रॅगन शहराकडे वळला.

आता कनकगड जळत होता. कुंदन सांगत गेला. सुतारांची आळी गेली. धान्याची कोठारं पेटली. गुरांनी दावी तोडली. वेशीच्या वर उचललेल्या दरवाजाची साखळी तुटली, आणि खाली शेकडो माणसं. दरवाजा कुणीतरी खांद्यावर तोलून धरायला हवा होता.

"शार्दूल धरते," आनंदाबाई म्हणाल्या.

पलीकडून दोर टाकता येतो, शार्दूल निसटू शकतो, असं कुंदनने दोनदा सुचवलं. अश्वजितला पुन्हा एकदा मारायची त्याची छाती नव्हती. आनंदाबाई ऐकेनात. लेकरं बाहेर पडेस्तोवर तो हलणार नाही म्हणाल्या.

ड्रॅगनने आग ओकली. आडोशामागे कुंदनने शार्दूलसाठी फासा टाकला. तीन.

"सोळा," तो म्हणाला. वर्षभर तो हेच करत आला होता.

"खरा आकडा सांग, बाबू."

कुंदनने मान खाली घातली आणि तीन म्हणाला. शार्दूल मेला. शेवटचं लेकरू वेशीबाहेर पडलं होतं. अंकिता ओढणीने डोळे पुसत राहिली, कैलास पंख्याकडे पाहत बसला.

खरा प्रश्न पुढेच होता. नदीकाठी राजाचा तळ पडला. बुरुजावर दिवा कुणी लावला, याची चौकशी सुरू झाली. गुन्हेगाराला फाशी. राजाने शार्दूलच्या आईला पुढे बोलावलं, आणि तिच्या वतीने काकूंनीच बोलावं, असं कुंदनने सांगितलं.

"ज्याच्या चुकीनं तुमचा पोरगा गेला," कुंदन राजाच्या तोंडचं बोलला, "त्याचं काय करायचं, हे तुम्ही सांगा."

आनंदाबाईंनी नकाशावरच्या बुरुजावर बोट ठेवलं.

"दिवा शार्दूलनं लावला, असं सांग राजाले."

"पण काकू, दिवा तं मी लावलता," अंकिता म्हणाली.

"तो गेला, पोरी. त्याच्या नावावर काही लिहिलं तं त्याले आता दुखत नाई. तुले जगायचं आहे."

कुंदनने पुठ्ठ्याचा आडोसा बाजूला केला. इतके महिने गिळलेलं वाक्य त्याच्या तोंडून किती साधेपणाने बाहेर आलं, याचंच त्याला नवल वाटलं.

"काकू, त्या दिवशी गाडी मी चालवून राह्यलतो."

"मले माहीत आहे," आनंदाबाई म्हणाल्या. "तो मांगं बसून माह्यासंगच फोनवर बोलून राह्यलता. पोलिसाईले अश्वजितचं नाव मीच सांगतलं."