डोळ्यातली बाहुली

"ते चाळ तरी काढून ठेव पोरीच्या पायातले," सोजराबाई सुनेला म्हणाल्या. "सारा दवाखाना पाहून राह्यला. लगनाले आलो काय आपण?"

"असू द्या, आत्याबाई," रुपाली म्हणाली. "वाजले की बरं वाटतं."

चार वर्षांची पुष्पांजली बाकांमधून छुमछुम पळत होती. मध्येच आवाज थांबला की रुपालीचं बोलणंही थांबायचं. पुन्हा वाजला की ती श्वास सोडायची.

मोताळ्याहून सकाळच्या एसटीने तिघी बुलढाण्याला आल्या होत्या. राजूर घाटात पोर आजीच्या मांडीवर झोपली. रुपाली मात्र रस्ताभर एकच गोष्ट उगाळत होती. पुष्पू उंबऱ्याला अडखळली होती. मग तिच्या धक्क्याने पाण्याचा हंडा लवंडला होता. दोन्ही वेळा तिन्हीसांजेलाच.

"चपला वाढत्या मापाच्या घेतल्या म्या, म्हून पडते ते," सासू पुन्हा म्हणाल्या. "तू उगाच जीव टांगणीले लावतं."

रुपालीला हे पटत नव्हतं. डोळे जायचे असले की सुरुवात दिवेलागणीलाच होते. तिच्या माहेरी तो आजार असाच आला होता.

"नमस्ते, मॅडम!"

"सहदेव का रे? घसा बसलाय तुझा. सर्दी?"

सहदेव हसला. तो इथे कंपाउंडर होता. कॉलेजात रुपालीच्या हाताखाली इंग्रजी शिकला होता. बाकीचे सर व्याकरण शिकवायचे, या मॅडम शब्दांची कुळं सांगायच्या. स्वतः कधी खडू धरला नाही. पोरांनाच फळ्याशी बोलवायच्या आणि स्पेलिंग मोठ्याने म्हणत लिहायला लावायच्या. तसं लिहिलेलं कोणी विसरलं नाही.

"आजी, मॅडमनं सांगतलेला कॅटरॅक्ट मी इथं रोज वापरतो," तो म्हणाला. "कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा. अन् किल्ल्याच्या दारात वरून धाडकन पडे ते लोखंडी फाटकही कॅटरॅक्टच. डोळ्यापुढं तसं फाटक पडते. मी म्हाताऱ्यायले सांगतो, भिऊ नका बाबा, फाटक उघडाले आलो आपण."

"आपला मोतीबिंदूच बरा," सोजराबाई म्हणाल्या. "आजार तं आजार, पण मोती तरी म्हणते."

रुपालीला हसू आलं. "बघ, आत्याबाईंनी माझा तास घेतला. बरं, ब्लाइंडफोल्ड सांग."

"त्यातला फोल्ड म्हणजे घडी नाही, मॅडम. जुना शब्द फेल्ड. ठोसा देऊन आंधळं पाडलेला. कापडाची घडी लोकायनं मागून घातली."

"शाब्बास!"

सोजराबाई सुनेकडे बघत राहिल्या. लग्नाच्या वेळी, असली सून काऊन करता म्हणून भावकीने नाकं मुरडली होती. आता त्याच भावकीतली पोरं तिच्या ओसरीवर शिकवणीला दाटीवाटीने बसत.

नंबर आला. सोजराबाईंनी एका हातात नात धरली, दुसऱ्या हातात सून, आणि त्या आत शिरल्या.

डॉक्टरबाईंनी यंत्रातून पुष्पूचे डोळे तपासले. "घराण्यात कोणाला आहे?"

"माझ्याकडून येऊ शकतं," रुपाली हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. "आतला पडदा मला ठीक वाटतोय. पण थेंब टाकायच्या आधी हिला किती दिसतं ते कळायला हवं. बाळा, तिकडे भिंतीवरच्या तक्त्याकडे बघ. ते वरचं चित्र कशाचं?"

पुष्पू गप्प.

"आणि त्याच्या खालचं?"

गप्पच. चाळही वाजेनात.

"सांग ना वं!" सोजराबाई चिडल्या. "घरी तं गल्ली डोक्यावर घेतं. इथं काय दातखीळ बसली?"

पुष्पूने आजीच्या लुगड्यात तोंड लपवलं. डॉक्टर म्हणाल्या, "लहान आहे, नाही बोलली तर पुन्हा कधीतरी आणा."

पुन्हा कधीतरी. तोवरच्या सगळ्या तिन्हीसांजा रुपालीच्या अंगावर आल्या.

आणि तिला तो शब्द आठवला. प्युपिल. वर्गात ती तो नेहमी शेवटी सांगायची. समोरच्याच्या बुबुळात आपलंच इवलंसं रूप दिसतं, म्हणून लॅटिन बोलणाऱ्यांनी त्याला चिमुकली बाहुली म्हटलं. इतक्या दूरची माणसं, आणि आपल्यासारखंच बाहुली म्हणाली! हे सांगताना तिचा आवाज दरवेळी भरून यायचा.

ती फरशीवर गुडघे टेकून बसली. पोरीला जवळ ओढून तिचा चेहरा ओंजळीत घेतला.

"पुष्पू, आईच्या डोळ्यात कोणी बसलंय का गं?"

चाळ एकदा वाजले. मुरमुऱ्यांचा वास असलेला श्वास रुपालीच्या नाकाला लागला.

"बाहुली," पोर कुजबुजली.

"काय करून राह्यली?" आजीने विचारलं.

"माह्याकडं पाहून राह्यली. तिनं फीत बांधली. लाल."

"अरे वा! आणि तिथे, भिंतीवर?" डॉक्टरांनी पटकन विचारलं.

"मासा. छत्री. घोडा." मग पुष्पूला हसू फुटलं. "त्याले शेपटीच नाही!"

शेपूट नसलेला घोडा सगळ्यात खालच्या, सगळ्यात बारीक ओळीत होता. डॉक्टरांनी हसून मान डोलावली. सोजराबाईंनी पदर डोळ्याला लावला.

रुपाली मात्र तशीच ताठ बसून होती. तिचा हात पोरीच्या केसांवरून फिरला, फितीच्या गाठीवर थांबला. बोटांना गाठ कळली, रंग कळेना.

"आत्याबाई," तिने विचारलं, "सकाळी फीत लालच बांधली ना हो तुम्ही?"