उतरवून पाहा

वणीच्या कारखान्यातला लेथ, लोखंड कातायचं जड यंत्र, नव्या शेडमध्ये न्यायचा होता. त्यासाठी दांडा मारून वजन उचलणारी हातगाडी घ्यायची म्हणून मालक पंजाबरावांनी नागपूरहून दोन गाड्या पाहायला मागवल्या. पहिलीनं आठ दांड्यांत लेथ उचलला, दुसरीला वीस लागले. पंजाबरावांचं मन पहिलीवर बसलं.

"उचलणं पाह्यलं. आता उतरवून पाहा, मालक," म्हातारे देवीलाल मिस्त्री म्हणाले. लेथ कलंडू नये म्हणून ते स्वतः त्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

दुसऱ्या गाडीवरून लेथ इतका सावकाश खाली आला की पंजाबरावांना जांभई आली. "मिस्त्री, हिच्या भरवशावर राह्यलो तं पोळा येईन!"

मग लेथ पुन्हा पहिलीवर उचलून त्यांनी तिची कळ सोडली. लेथ धाडकन आदळला. पंजाबराव टुणकन मागे उडाले आणि स्वतःशीच हसले. "बसला ना पण जागेवर?"

"बसला जी. पण तुम्ही मांगं काहून सरकले?"

"पायावर आला असता तं? तुम्ही काहून नाही सरकले?"

"मी हात सोडला असता तं लेथच पडला असता. आज मी धरला, म्हणून तुम्हाले दिसलं. एरवी आपला हमाल बळीराम धरते."

पंजाबरावांनी खाली पाहिलं. लेथच्या बुडापासून बोटभर अंतरावर मिस्त्रींचे अनवाणी पाय होते.

"ही घेऊन जा," पहिलीकडे बोट दाखवत त्यांनी नागपूरहून आलेल्या गाडीवाल्याला सांगितलं. "सावकाश उतरवते, ती राहू दे."