जवळची खूण

नगरसेवक साहेबांचा तक्रारींचा फोन माझ्याकडे असतो. दर सोमवारी ते प्रभागातल्या कामांचा आढावा सांगतात आणि मी तो टाइप करून हजारभर लोकांना पाठवतो. या सोमवारी गळकी पाइपलाइन, शाळेसमोरचा गतिरोधक, बागेतली नवी बाकं, सगळं झाल्यावर ते म्हणाले, "शेवटी लिही, प्रभागातलं एकही घर असं नाही, जिथे मी स्वतः जाऊन आलो नाही."

पाठवल्यावर नेहमीसारखे अंगठे आणि जोडलेले हात आले. मग एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "आमचं घर राहिलं."

"काय तक्रार आहे?" मी विचारलं.

"काही नाही. पाणी येतं, दिवे लागतात."

मी कपाळाला हात लावला. दिवसाला साठ तक्रारी निस्तरायच्या आणि त्यात ही बिनतक्रारीची!

"मग साहेबांनी येऊन करायचं काय?"

"बसायचं थोडा वेळ."

असल्या लोकांना कटवायला माझं एक ठरलेलं उत्तर आहे, "पूर्ण पत्ता आणि जवळची खूण पाठवा." खूण लिहायच्या कंटाळ्यानेच निम्मे लोक नाद सोडतात.

पलीकडे बराच वेळ कुणीतरी टाइप करत होतं.



"पत्ता त्याला पाठ आहे. खूण म्हणाल तर, दारावरच्या पाटीवर त्याच्या बाबांच्या नावाखाली अजून त्याचंही नाव आहे."