कासार गल्लीचा वळसा

"आप्पा, डावीकडे!" मी मागून ओरडेपर्यंत त्यांनी स्कूटर उजवीकडे वळवलीसुद्धा.

माझ्या लग्नाच्या पत्रिका वाटायला आम्ही बापलेक निघालो होतो. पेट्रोल वाचावं म्हणून मी नकाशावर घरांचा क्रम लावला होता. सगळ्यात जवळचा रस्ता कासार गल्लीतून जात होता आणि आप्पा दर वेळी तेलगिरणीमागून वळसा घालत होते. गल्लीत काका राहतात. घराच्या वाटण्या झाल्यापासून दोघा भावांत बोलणं नाही.

"हा तिसरा वळसा! गल्लीतून दोनच मिनिटं लागतात," मी वैतागले. आप्पांचा हात पुन्हा शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे त्यांनी सकाळपासून एक पत्रिका वेगळी ठेवली होती.

गिरणीच्या कोपऱ्यावर त्यांनी करकचून ब्रेक दाबला. भर उन्हात काका उभे होते.

"तू गल्लीतनं यायचा नाहीस, एवढं गणित मलाही येतं, दादा. दे पत्रिका इथंच."

"पत्रिका रस्त्यात देतात होय रे?" आप्पा खेकसले. मग मला म्हणाले, "उतर तू. ह्याला बसू दे. चालत ये मागनं, दोनच मिनिटं लागतात."