रविवारचे दहा शब्द

मंगळवारी सकाळी सव्वानऊला न्युरेम्बर्गच्या हॉस्पिटलमधून फोन आला आणि अरुंधती गेल्याचं कळलं. पद्माकरांनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं, सवयीने जर्मनमध्ये "डांके" म्हणून आभार मानले आणि फोन ठेवला. रात्री नॉर्वेहून मुलगी आली, मैथिली. रविवारपर्यंत सगळ्यांना कळवून झालं. राहिल्या फक्त गुड्रून आजी, मैथिलीच्या नवऱ्याच्या आजी.

दर रविवारी चारला त्या बर्गनहून फोन करायच्या. त्यांना नॉर्वेजियनशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून त्या अरुंधतीला दहा-दहा शब्द शिकवायच्या. शब्द आधी पत्राने यायचे.

"मी सांगू त्यांना?" मैथिलीने विचारलं.

"नको. माझी बायको होती. मी सांगतो. तू वाक्य लिहून दे."

तिने देवनागरीत लिहून दिलं. आईचं नाव आणि पुढे दोन छोटे शब्द.

शेजारी अरुंधतीची वही होती. पानोपानी लांबलचक जोडशब्द, जोड असेल तिथे तांबडी रेघ. ती ते ताल धरून म्हणायची. पहिल्या तुकड्यावर टाळी, दुसऱ्यावर नुसतं बोट. गाण्याच्या क्लासची सवय. "अहो, तुम्ही सगळं जर्मनसारखं रेटता," म्हणून पद्माकरांना हसायची. या रविवारच्या शब्दांना अजून रेघा नव्हत्या.

चारला फोन वाजला.

"अरुंधती?"

पद्माकरांनी चिठ्ठी उचलली. ती परत ठेवली आणि वहीतला पहिला शब्द वाचला. "ब्र्युलुप-स्दाग."

पलीकडून टकटक ऐकू आली, एक जोरात, एक हळू. "ब्र्युलुप्स. दाग."

"मधला स पहिल्या तुकड्यात, बाबा," मैथिली हळूच म्हणाली. "लग्नाचा दिवस."

त्यांनी टेबलावर टाळी दिली, बोट टेकवलं, पुन्हा म्हणाले. आजींनी शाबासकी दिली. त्यांनी तांबडी रेघ मारली.

दुसरा शब्द झाला, तिसरा झाला. चौथा स्यूके-हूस, म्हणजे हॉस्पिटल. तो पहिल्या फटक्यात बरोबर आला. दहावा संपला तेव्हा तळहात लाल झाला होता.

आजींनी काहीतरी विचारलं. त्यात अरुंधती एवढंच त्यांना समजलं.

"आई कुठे आहे विचारतायत," मैथिली म्हणाली.

पद्माकर चिठ्ठीकडे बघत राहिले.

"पुढचे दहा पाठवा म्हणावं," ते म्हणाले.

मैथिलीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग तसंच सांगितलं आणि फोन ठेवला.

दहाही शब्दांवर रेघा मारून झाल्या होत्या. आजींना सांगायचं राहिलं होतं.